नायकाचे वय कोण विचारतो?

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकाचा पहिला प्रयोग १३ जानेवारी १८९९ रोजी किर्लोस्कर मंडळीने आपल्या इंदुरातच केला. इंदूरकर मराठी माणूस या गोष्टीचा अभिमान सव्वाशे वर्षे बाळगीत आला आहे आणि तो त्याने बाळगावाही. परंतु त्या नाटकातला खलपुरुष कोण आणि त्याचा अपराध नेमका कोणता, हे आपण क्वचितच विचारात घेतो. भुजंगनाथ कोणाचा खून करीत नाही, कोणाची दौलत लुबाडीत नाही. पंचाहत्तरीला टेकलेला हा पैसेवाला गृहस्थ एका कोवळ्या मुलीशी बोहल्यावर चढू पाहतो, एवढाच त्याचा गुन्हा. मुलीचा बाप लोभी आहे, जमवाजमव करणारा दीक्षित लबाड आहे. पण प्रेक्षक हसला तो भुजंगनाथाला आणि चिडलाही त्याच्यावरच. आपल्या वयाचे भान नसणे हा एवढा मोठा दोष आहे की त्यावर सबंध नाटक उभे राहावे, असे देवलांना वाटले आणि ते प्रेक्षकांना पटले.

पुढे १९३७ साली प्रभात कंपनीने ‘कुंकू’ काढला. त्यात शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब. हा मनुष्य भुजंगनाथासारखा हास्यास्पद नाही. तो वकील आहे, घरंदाज आहे, विचारीही आहे. त्याला आपली चूक उमगते तेव्हा प्रेक्षकाला त्याची कीव येते. म्हणजे चाळीस वर्षांत आपली समज एक पायरी वर चढली होती. वयाच्या अंतराकडे आपण आता थट्टेने नव्हे, दुःखाने पाहू लागलो होतो. केशवराव त्या वेळी अठ्ठेचाळिशीच्या आसपास होते.

आता एकदम अलीकडे येऊ. मार्च २०२५ मध्ये ‘सिकंदर’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे नायक सलमान खान यांचा जन्म २७ डिसेंबर १९६५ रोजी याच इंदूर शहरात झाला. नायिका रश्मिका मंदाना यांचा जन्म १९९६ सालचा. दोघांच्या वयांत तीस वर्षांचे अंतर. त्यावर थोडीबहुत चर्चा झाली, नाही असे नाही. पण त्या अंतराने त्याच्या नायकपणाला बाधा आली नाही. १८९९ साली ज्याने माणूस खलपुरुष ठरला असता, ते २०२५ साली नायकाच्या अंगी खपून जाते. ही उलटापालट कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. एखाद्या नटाची निंदानालस्ती करण्याचा यात हेतू नाही. पडद्यावरच्या वयाचा हिशेब कोण ठेवतो आणि तो कोणाकडून वसूल होतो, एवढेच पाहावयाचे आहे.

मुळात नायक तरुण आणि खलपुरुष वयस्क, ही वाटणी आपल्याकडे जुनी आहे. कृष्ण बालक, कंस त्याचा मामा. प्रल्हाद मुलगा, हिरण्यकशिपू त्याचा बाप. अन्याय करावयाचा तर हाती सत्ता हवी आणि सत्ता मिळवायला वय लागते, असा त्यात साधा हिशेब आहे. पण महाभारतकारांनी तोही नियम सरसकट पाळला नाही. भीम आणि दुर्योधन एकाच दिवशी जन्मले, असे त्यांनी सांगून ठेवले आहे; आणि सर्वांत वडीलधारे भीष्म कौरवांच्या बाजूने उभे केले आहेत. चांगुलपण आणि वाईटपण यांचा वयाशी संबंध नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

हिंदी बोलपटाने सुरुवातीला कंसाचीच वाट धरली. सावकार, जमीनदार, मिलमालक, नायिकेचा काका किंवा पालक, हे सारे चाळिशी-पन्नाशीचे असणे स्वाभाविकच होते. मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’ (१९५७) मधला सुखीलाला आठवा. ती भूमिका करणारे कन्हैयालाल तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. परंतु हीच कथा मेहबूब यांनी १९४० साली ‘औरत’ या नावाने पडद्यावर आणली होती आणि तेव्हाही सुखीलाला कन्हैयालालच होते, अवघ्या तिशीतले. सतरा वर्षांत नायिका बदलली, सरदार अख्तर यांच्या जागी नर्गिस आल्या. सावकार मात्र तोच राहिला. तिशीत ज्याच्या तोंडावर म्हातारपण रंगविले, त्याला पुढे म्हातारे होण्याचे काही कारणच उरले नाही.

त्याच चित्रपटात आणखी एक नवल आहे. नर्गिस यांचा जन्म १ जून १९२९ चा आणि त्यांच्या धाकट्या मुलाचे, बिरजूचे, काम करणाऱ्या सुनील दत्त यांचा ६ जून १९२९ चा. पडद्यावरची आई मुलापेक्षा पाच दिवसांनी मोठी! पण येथे तक्रारीला जागा नाही. नर्गिस त्या चित्रपटात नववधूपासून वृद्धेपर्यंतचा सारा प्रवास करतात. वय अंगावर चढविणे ही तर नटाची खरी विद्या आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी डिसेंबर १९७० मध्ये ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर उभे केले तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. अनुपम खेर यांनी ‘सारांश’ (१९८४) मध्ये निवृत्त मराठी मास्तर प्रधान साकारले ते एकोणतिसाव्या वर्षी. संजीव कुमार यांनी १९७२ साली ‘परिचय’मध्ये जया भादुरी यांच्या वडिलांचे काम केले आणि त्याच साली ‘कोशिश’मध्ये त्यांच्या पतीचे, पुढे १९७५ साली ‘शोले’त ते त्यांचे सासरे झाले. आयुष्यभर पिकल्या केसांची कामे करणारा हा नट १९८५ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी वारला. खरे म्हातारपण त्याच्या वाट्याला आलेच नाही.

तेव्हा तरुणाने म्हातारा होणे हा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो म्हाताऱ्या न होणाऱ्या एकाच माणसाचा, म्हणजे नायकाचा.

‘जॉनी मेरा नाम’ (१९७०) हे याचे उत्तम उदाहरण. नायक देव आनंद, वय सत्तेचाळीस. खलनायक प्रेमनाथ, त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. नायिका हेमा मालिनी, वय बावीस. प्रेमनाथ त्यात नायिकेच्या चुलत्याच्या भूमिकेत आहेत. म्हणजे जो वयाने लहान तो वडीलधारा झाला आणि जो मोठा तो तिच्यामागे गाणी गात फिरला! याच प्रेमनाथांनी १९४९ च्या ‘बरसात’मध्ये आणि १९५१ च्या ‘बादल’मध्ये तरुण म्हणून पडदा गाजविला होता. अजित यांचेही तसेच. ‘नास्तिक’ (१९५४) चा हा नायक १९७३ साली एक्कावन्नाव्या वर्षी ‘जंजीर’मध्ये तेजा झाला. प्राण यांनी तर १९४२ साली लाहोरच्या ‘खानदान’मध्ये नूरजहान यांच्यासमोर नायकाचे काम केले होते, पुढे पाव शतक ते दुष्टपणाची कामे करीत राहिले, आणि ज्या दिलीपकुमार, देव आनंद यांच्याशी त्यांनी मारामाऱ्या केल्या ते त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान होते. नायकाची गादी एक आणि उमेदवार फार. ज्याला ती मिळाली नाही किंवा टिकविता आली नाही, त्याला दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहावे लागले. लोक त्याला दुष्ट म्हणू लागले. खरे पाहता तो त्यांचा कालचा नायकच होता.

यात एक सन्माननीय उदाहरणही आहे, आणि ते आपल्या शेजारच्या खंडव्याचे. अशोककुमार यांचे बालपण तेथे गेले. ‘किस्मत’ (१९४३) मधून त्यांनी पाकीटमार नायक लोकांच्या गळी उतरविला, आणि १९६७ साली छप्पन्नाव्या वर्षी ‘ज्वेल थीफ’मध्ये शेवटच्या क्षणापर्यंत कोणाला संशय येऊ नये असा खलनायक रंगविला. त्यांनी आपले वय ओळखून जागा बदलली, म्हणून त्यांचे काम तीस वर्षांनीही ताजे राहिले.

‘शोले’ने या वाटणीला धक्का दिला. त्याच्या दोन लेखकांपैकी सलीम खान हे इंदूरचेच, जन्म १९३५. गब्बरसिंग झालेले अमजद खान तेव्हा पस्तिशीच्या आत होते. धर्मेंद्र त्यांच्याहून मोठे, एकोणचाळीस वर्षांचे. खलपुरुष ना काका, ना सावकार, ना जमीनदार. तो नायकांच्याच पिढीचा निघाला, भीमासमोर दुर्योधन यावा तसा. त्याच वर्षी मराठीत जब्बार पटेल यांचा ‘सामना’ आला. विजय तेंडुलकरांच्या त्या कथेत नीळू फुले यांचा हिंदुराव आणि डॉ. लागूंचा मास्तर, दोघेही पंचेचाळिशीच्या आसपासचे. एकाच वयाचे दोन पुरुष समोरासमोर बसतात तेव्हा भांडण वयाचे राहत नाही, वृत्तीचे होते. म्हणून त्या चित्रपटाची धार अजून बोथट झालेली नाही.

पुढे १९९३ साली ‘डर’मध्ये शाहरुख खान अठ्ठावीस वर्षांचे आणि नायक सनी देओल सदतीस वर्षांचे. येथे पारडे पुरते फिरले, धोका तरुणाकडून आला. आणि तीस वर्षांनी त्याच शाहरुख खान यांच्या ‘जवान’ (२०२३) मध्ये पाहा: नायक सत्तावन्न वर्षांचे, खलनायक विजय सेतुपती त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, तरी पिकल्या केसांचे. नायकाच्या आईच्या भूमिकेत दीपिका पदुकोण, नायकाहून वीस वर्षांनी लहान. कथेत ही आई मुलाच्या लहानपणीच जाते हे खरे. तरी हिशेब हिशेबच आहे.

या आईपाशी जरा थांबले पाहिजे, कारण सगळ्यांत मोठा कर तिच्याकडून वसूल झाला आहे. वहिदा रहमान ‘कभी कभी’ (१९७६) मध्ये अमिताभ बच्चन यांच्या पत्नी होत्या. दोनच वर्षांनी ‘त्रिशूल’मध्ये त्या त्यांच्या आई झाल्या. त्याच ‘त्रिशूल’मध्ये राखी त्यांच्या प्रेयसी होत्या; चार वर्षांनी, १९८२ च्या ‘शक्ति’मध्ये, त्याही आई झाल्या. ‘शक्ति’च्या वेळी राखी पस्तीस वर्षांच्या, मुलगा चाळीस वर्षांचा आणि पती झालेले दिलीपकुमार साठीच्या उंबरठ्यावर. १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये कोकणातल्या मांडव्याचा विजय चव्हाण आपले वय छत्तीस सांगतो; ते सांगणारे अमिताभ सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्याची आई झालेल्या रोहिणी हट्टंगडी नायकाहून आठ वर्षांहून अधिक लहान आणि वैरी कांचा झालेले डॅनी पाच वर्षांनी लहान. आई आणि वैरी दोघेही धाकटे, आणि मधोमध मोठा असलेला नायक त्यांचा मुलगा व प्रतिस्पर्धी! या चित्रपटातील कामासाठी अमिताभ यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या कामाचा भार किती जणांनी आपली वये पुढे ढकलून उचलला, हेही आपण मोजावे.

ललिता पवार यांचे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. येवल्याची ही नायिका. १९४२ साली एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांच्या डोळ्याला कायमची इजा झाली. वय सव्वीस. नायिकेचा दरवाजा त्या दिवशी बंद झाला. पुढची दीर्घ कारकीर्द त्यांनी खाष्ट सासू, कडक घरमालकीण आणि शेवटी दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’तील मंथरा म्हणून गाजविली. एका डोळ्याच्या दुखापतीने बाई एका रात्रीत वीस वर्षांनी मोठी होते, आणि नायक मात्र वीस वर्षांत एका दिवसानेही मोठा होत नाही.

हे असे का व्हावे? निर्माता दुष्ट असतो म्हणून नव्हे. नायकाच्या नावावर चित्रपट विकला जातो, वितरक पैसा लावतो तो त्या चेहऱ्यावर. प्रेक्षकाने ज्या वयात त्या चेहऱ्यावर जीव लावला, त्याच वयात तो गोठून राहावा, असे प्रेक्षकालाही आतून वाटते. कारण नायक म्हातारा झाला की आपणही झालो! आपल्या तारुण्याची राखण आपण त्याच्याकडे सोपविलेली असते. मग टोप, रंग, प्रकाश आणि आता तर यंत्राने चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसण्याची विद्या, हे सारे त्या राखणदारीचा खर्च आहे. म्हणून दोष एकट्या पडद्याचा नाही, त्यात आपलाही वाटा आहे.

गाण्याच्या धंद्यातला माणूस या गोष्टीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतो. मी होळकर दरबारातल्या शेवटच्या पिढीच्या गवयाचा उतारवयातला मुलगा. वडील माझ्या आठवणीत कधी तरुण नव्हतेच, पण त्यांचे गाणे म्हातारे झाले असे मला कधी वाटले नाही. त्यांची एक साधी रीत होती. गळा उतरू लागला तशी त्यांनी पट्टी उतरविली. तानांची गर्दी कमी केली आणि आलापाला जागा दिली. शिष्यांना ते सांगत, “गळ्याशी भांडू नये, त्याच्याशी समजून राहावे.” आज मी मुलांना शिकवितो तेव्हा हेच सांगतो. विशीतली पट्टी साठीत धरून ठेवणारा गवई बेसूर होतो. पट्टी उतरविणारा लहान होत नाही.

याचा दाखला चित्रपटातही आहे आणि तोही इंदूरशी नाते सांगणारा. ‘बैजू बावरा’ (१९५२) मध्ये तानसेन आणि बैजू यांची जुगलबंदी आहे. बैजूच्या मागे द. वि. पलुस्कर गायले, वय एकतीस. तानसेनाच्या मागे उस्ताद अमीर खाँ, वय चाळीस. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या पदरी होते. पडद्यावर तानसेन झालेले सुरेंद्र स्वतः सहा वर्षांपूर्वी ‘अनमोल घडी’चे गाते नायक होते. कथेच्या गरजेने तरुण जिंकतो, वडीलधारा हरतो. पण थिएटरातून बाहेर पडणाऱ्या कोणा जाणकाराला अमीर खाँसाहेब हरले असे वाटले नसेल. पिकलेला आवाज आणि उमलता आवाज एकमेकांसमोर ठेवले तर दोघांचीही शोभा वाढते. नौशाद यांनी दोन्ही आवाज एकाच वयाचे निवडले असते, तर ती जुगलबंदी इतकी लक्षात राहिली असती का?

आवाजाचे वय हा तर निराळाच चमत्कार. इंदुरात १९२९ साली जन्मलेल्या लता मंगेशकर यांनी १९९७ साली ‘दिल तो पागल है’मध्ये तीस वर्षांच्या माधुरी दीक्षित यांच्यासाठी आवाज दिला, तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या, २००४ च्या ‘वीर-झारा’च्या वेळी पंचाहत्तर वर्षांच्या. कोणी म्हणेल, येथेही वय लपविलेच की! लपविले खरे, पण त्यासाठी दुसऱ्या कोणा बाईला वेळेआधी म्हातारे व्हावे लागले नाही. माझ्या मते सारा फरक या एका गोष्टीत आहे. कलावंताने आपल्या साधनेच्या बळावर वयावर मात करावी, तिला मर्यादा नाही. परंतु आपले वय दुसऱ्याच्या खात्यावर टाकू नये.

ज्यांनी ते टाकले नाही, त्यांची कामे पाहा. बलराज साहनी एकोणसाठाव्या वर्षी ‘गर्म हवा’त साठीकडे झुकलेले सलीम मिर्झा झाले. एप्रिल १९७३ मध्ये ते वारले आणि चित्रपट १९७४ साली लोकांपुढे आला; त्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती खोटी नाही. ‘बॉबी’ (१९७३) चा कोवळा नायक ऋषी कपूर २०१२ च्या नव्या ‘अग्निपथ’मध्ये एकोणसाठाव्या वर्षी रौफ लाला झाला आणि लोकांनी त्याला पुन्हा नव्याने पाहिले. ज्या अमिताभ यांना सत्तेचाळिसाव्या वर्षी छत्तीस म्हणवून घ्यावे लागले, त्यांनी बहात्तराव्या वर्षी ‘पिकू’ (२०१५) मध्ये एक हट्टी, पोटाच्या तक्रारी सांगणारा म्हातारा बाप केला, आणि त्या कामासाठीही त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पट्टी उतरविली आणि गाणे खुलले.

आपल्या घरांतली मुले पडद्यावरून पुष्कळ गोष्टी न शिकविता शिकतात. चांगला तो नेहमी तरुण, पिकल्या केसांचा तो बहुधा कारस्थानी, आणि बाईचे आयुष्य तिशीनंतर आईपणापुरतेच, हा धडा त्यांनी घेऊ नये असे वाटत असेल, तर पडद्यावरच्या नायकाला त्याचे वय विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. इंदूरच्या प्रेक्षकांना ती सवय नवी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात त्यांनी भुजंगनाथाला ते विचारले होते.